माझ्या गाण्याच्या मागावर : करावे आणि तळोजा

मी जिवंतपणी पारंपरिक झाले, तिथून या प्रवासाला सुरुवात झाली.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या नवरात्र मंडळानं यंदा गाण्यांची पुस्तिका छापली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. नवव्या पानावर माझं गाणं होतं आणि त्याखाली, नावाच्या जागी, छापलं होतं : पारंपरिक. हे गाणं रचलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. खटावकडचं गाव सोडून नवऱ्यामागे इथे आले होते. तो मार्केटात पोती वाहायचा, मी रस्त्यावर बसून नारळ विकायचे, पोरगी झोळीत. आज वाशीच्या मार्केटात माझा स्वतःचा नारळाचा गाळा आहे आणि निम्म्या नवी मुंबईतल्या देवळांना माझे नारळ जातात. ते मला कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेलं नाही. गाणंही नाही.

मंडळाचा सेक्रेटरी गिरीश. त्याला जिन्यातच गाठलं.

"काकू, देवाच्या गाण्याला कसली आलीय मालकी?"

"मग देवीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर तुझा फोटो कसा आला?"

त्यावर तो म्हणाला, सोमवारी मीटिंग आहे, तिथे बोला. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं : माझं नाव येत नाही तोवर हे गाणं मंडळात कुणी तोंडात घ्यायचं नाही. जिन्यात जमलेल्या बायकांचे चेहरे उतरले. वीस वर्षं आमच्याकडे घट बसले की पहिलं गाणं हेच. शेजारची कुसुम म्हणाली, "शालन, राग गिरीशवर आणि उपास देवीला?" मी ऐकलं नाही.

मग त्याच कुसुमनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. करावे गावच्या बायका देवळात बसून माझं गाणं म्हणत होत्या. चाल तीच, पण शब्द बदललेले. म्हणजे इकडे नाव गेलं आणि तिकडे मालच पळवला.

लोक केदारनाथला जातात, बालीला जातात. मी करावेला गेले. रिक्षानं अर्धा तास. तीस वर्षं इथे राहून मी ते गाव पाहिलं नव्हतं.

शुक्रवार, करावे

चोर पकडायचा तर गिऱ्हाईक होऊन जावं. पिशवीत नमुन्याचे चार नारळ टाकले. कुणी विचारलं तर सांगायचं, नवरात्रासाठी माल लागेल का बघायला आले.

सीवूड्सचे टॉवर संपतात न संपतात तोच गाव लागतं. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोंबडी आली तरी बाजूला व्हावं लागतं. दारोदार जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातलेला. आमच्या गावाकडे गल्ली संपली की शेत लागतं, इथे गल्ली संपली की पाणी. ओहोटी होती. खाडी मागे सरकलेली आणि चिखल उन्हात चकचकत होता.

काठावर एक सत्तरीची बाई टोपलीत चिंबोऱ्या घेऊन बसली होती. नांग्या दोरीनं बांधलेल्या, एकेक तळहाताएवढी. मला राहवेना. तिनं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला.

"नाय."

मी थोडा वाढवला.

"बाय, चिंबोरी हाय. वांगी नाय."

मग मी माझा खात्रीचा डाव टाकला. पाठ फिरवली आणि चालू लागले. आमच्या मार्केटात गिऱ्हाईक चार पावलं गेलं की विकणारा हाक मारतो. मी चार पावलं गेले. हाक नाही. सहा गेले. आठ गेले. शेवटी ती बघते तरी आहे का म्हणून मान वळवली, आणि उजवा पाय बांध सोडून थेट चिखलात. गुडघ्यापर्यंत. सोडवायला डावा टाकला, तोही गेला. पिशवीतले नारळ घरंगळत निघाले.

म्हातारी सावकाश उठली, टोपलीवर फडकं टाकलं, आली आणि माझ्या काखेत हात घालून मला मुळा उपटावा तशी उपटली. एक चप्पल खाडीनं ठेवून घेतली.

"आता भाव वाढला," ती म्हणाली.

मी इतक्या मोठ्यानं हसले की मलाच नवल वाटलं. आठवडाभर हसले नव्हते.

तिचं नाव ताराबाय. तिनं मला घरी नेलं, अंगणात हंडाभर पाणी ओतलं, माझी साडी पिळून वाळत घातली आणि स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. त्याच चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. आम्ही ज्वारी-बाजरीवर वाढलेली माणसं, तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं मला वाटायचं. त्या रश्शाबरोबर मी तीन खाल्ल्या. कशाला आलीस, हे तिनं विचारलं नाही. पाहुण्याला पोटात अन्न जायच्या आधी विचारायचं नसतं, ही रीत मात्र आमच्यासारखीच.

दिवेलागणीला ती म्हणाली, "चल, देवलात. गानी बसवतो आमी."

देवळात पंधराएक बायका. मी खांबाला टेकून बसले. आणि सुरू झालं. माझं मूळ गाणं असं आहे :

*डोंगर सोडून आलीस आई, बस माझ्या खोलीत,*
*पाट नाही, चौरंग नाही, घेते तुला झोळीत.*
*भाकर ज्वारीची, कांदा फोडला, गोड मानून घे गं,*
*उद्या चुलीला लाकूड नाही, तेवढं आणून दे गं.*

पहिल्या दोन ओळी त्यांनी तशाच म्हटल्या. मग ताराबायनं आवाज चढवला :

*भाकर तांदळाची, जवळा भाजला, गोड मानून घे गं,*
*खाडीवर माती पडली आई, मासा शोधून दे गं.*

"जवळा नाही, कांदा!" मी ओरडले. "कांदा फोडला! आणि मासा कुठून आला त्यात?"

सगळ्या थांबल्या. मी ताराबायच्या लुगड्यात उभी, कपाळावर आठ्या, हात कमरेवर.

"तू कोन गो?" ताराबायनं विचारलं.

"हे गाणं माझं आहे. मी रचलंय."

मला वाटलं, आता भांडण. मी तयारीतच होते. पण ताराबाय टाळी वाजवून उठली. "गावली! अगो, गावली!" म्हणत ती देवीच्या मागच्या कपाटाकडे धावली आणि एक जाड वही घेऊन आली. शाळेची, लाल पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. तिनं पान काढून माझ्यासमोर धरलं. वर माझं मूळ गाणं जसंच्या तसं, कांद्यासकट. त्याखाली लिहिलं होतं :

*कुठून आलं : कोपरखैरण्याच्या हळदीकुंकवात एका बाईच्या तोंडून ऐकलं. तिचं स्वतःचं आहे असं कळलं.*

*तिचं नाव : विचारायचं राहिलं. जागा सोडली आहे.*

आणि खरंच, त्यापुढे अर्धी ओळ कोरी.



शनिवार, करावे

साडी दमट हवेत वाळलीच नव्हती, म्हणून मुक्काम करावेलाच पडला होता. सकाळी चहाबरोबर मी वही मांडीवर घेतली. ताराबायची सून स्नेहल ऐरोलीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. सुट्टी होती, ती माझ्याशेजारी बसली. वहीचे नियम तिचेच.

"मावशी, आमच्याकडे काही प्रोग्रॅम असे असतात की जगभरातली माणसं मिळून ते लिहितात. एकमेकांना कधी भेटलेली पण नसतात. कुणीही घ्या, वापरा, बदला. फक्त कुणाकडून घेतलं ते पुसायचं नाही आणि काय बदललं ते लपवायचं नाही. मला वाटलं, देवळात हेच का नको? गावात दर नवरात्राला भांडणं. आमची आजी असं करायची, आमची आजी तसं करायची. लिहिलेलं काहीच नाही."

"आणि हे प्रोग्रॅम विकतात कितीला?"

"फुकट."

"फुकट?" माझा चहा कपातच राहिला. "फुकटच्या मालाला जपणार कोण?"

ताराबाय मासे साफ करत होती. ती तिथूनच म्हणाली, "गावची विहीर कोनाची होती? ज्याला पानी पायजे, तोच उतरून गाल उपशी."

मी पान उलटलं.

वहीत नुसती गाणी नव्हती. रीतीभातीही होत्या. प्रत्येक बदलाला तीन गोष्टी लिहायच्याच : काय बदललं, कुणी बदललं, का बदललं. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. गाण्यातल्या माशाचं कारण ताराबायनं सांगून लिहून घेतलेलं : "आमच्याकडे ज्वारी पिकत नाय. खाडीत मासा कमी झाला. देवीला खोटं कशाला सांगायचं." देवीला जवळा दाखवलेला मला आदल्या दिवशी खटकला होता. पण आमच्या गावच्या देवीला बोकड चालतो, मग जवळ्यानं काय घोडं मारलं?

एका पानावर मी बराच वेळ थांबले. *विधवेनंही देवीची ओटी भरायची. मांडलं : जनाबाई. कारण : माझा नवरा गेला, देवी गेली नाही.* त्याखाली दुसऱ्या हाताचं अक्षर : *आम्हाला पटत नाही. दोन घरं.*

"मग काय केलं?" मी विचारलं.

"काही नाही. ती दोन घरं सकाळी येऊन ओटी भरतात, आम्ही संध्याकाळी भरतो," स्नेहल म्हणाली. "देवी एकच. प्रसाद दोन्हीकडे जातो. यंदा त्यातलं एक घर संध्याकाळी यायचं म्हणतंय."

"आणि हे काय? 'देवी नवसाला पावते ही ओळ काढावी'?"

"ती माझीच. मला नाही पटत नवस. कुणी मान्य नाही केलं. पण लिहिलेलं राहिलं ना."

"सासू काय म्हणाली?"

"सासू म्हनाली," ताराबाय सुरी न थांबवता बोलली, "तुझा नवरा मना नवसानं जाला. तुला पटो, नाय पटो."

आमच्या सोसायटीत एवढ्यावर दोन मंडळं झाली असती, दोन मंडप आणि दोन लाउडस्पीकर.

मग स्नेहलनं पेन माझ्या हातात दिलं. त्या कोऱ्या जागेत मी माझं नाव लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर. ताराबायनं पोरासोरांना हाका मारून गूळ वाटला.

"मावशी, चाल कुणाची ते पण लिहूया," स्नेहल म्हणाली.

"माझीच," मी म्हणाले.

तिनं तसं लिहिलं. मी गुळाचा आणखी एक खडा तोंडात टाकला.

पानाच्या तळाला आणखी एक नोंद होती : *प्रत नेली : रेणू. आधी आपल्याकडे भाड्यानं राहायची, आता तळोजा. कारण : छठपूजेला म्हणायला.*

"छठ? म्हणजे त्या बिहारच्या सूर्याच्या पूजेला? माझ्या देवीचं गाणं?"

माझा पारा पुन्हा चढला. तळोज्याचा पत्ता घेतला.

रविवार, तळोजा

करावेत हवेला माशांचा वास, तळोज्यात कसलातरी आंबट वास, घशात बसणारा. कारखान्यांच्या भिंतींमधून रस्ता सरळ जातो, सावली अशी नाहीच. रेणू एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आहे. रविवार म्हणून खोलीवर होती. चाळिशीची, बारीक, चपळ. मी दारात उभी राहूनच विचारलं, "माझं गाणं तू घेतलंस?"

"आपका? अरे दीदी, आत या ना. आधी बसा तर."

आत तिनं लिट्टी भाजायला घेतली होती. कणकेच्या गोळ्यात सत्तू, म्हणजे भाजक्या चण्याचं पीठ, भरून विस्तवावर भाजतात, फोडून तुपात बुडवतात, बरोबर वांग्याचं भरीत. आमच्या शेतातली हुरड्याची आगटी आठवली. खाल्लं की माणूस नरम पडतो हे ओळखून मी आधी गाणं म्हणायला लावलं. तिनं पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले :

*पाणी फोडून आलास देवा, बस माझ्या सुपात,*
*पाट नाही, चौरंग नाही, राहा तुझ्या रूपात.*

आवाज असा की बाहेर नळावर भांडी घासणारी बाई थांबली. पण मी थांबले नाही.

"देवीच काढून टाकलीस? अगं, शब्द बदल, भाकरी बदल, पण देव बदलतं का कोणी?"

"देवी कुठं नाय गेली, दीदी. तुमच्या गाण्यात हाय ना ती. मी तर प्रत घेतली." ती जराही घाबरली नाही. "आमी पाण्यात उभे राहून सूप वर धरतो. सूर्य निघतो ना, तवा खरंच वाटतं, पाणी फोडून आला. घर सोडून आलेल्या बाईचं गाणं होतं, मला रडू आलं. आपलंच वाटलं."

तिनं फळीवरून एक डायरी काढली. गाण्याच्या वर, सगळ्यात आधी, हिंदीत लिहिलेलं होतं : *असली गाना कोपरखैरणे की एक दीदी का, नाम नहीं मालूम। बीच में करावे की ताराबाय का। मेरा सिर्फ सूप।*

मेरा सिर्फ सूप. जिनं देव बदलला ती म्हणते माझं फक्त सूप. आणि मी काल वहीत काय लिहून आले? चाल माझीच.

खरं इथे सांगते. चाल माझी नाही. आमच्या गावात एक आराधीण यायची, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. दारात उभी राहून देवीची गाणी म्हणायची आणि पीठ घेऊन पुढे जायची. तिची एक चाल माझ्या कानात बसली होती. त्या चालीवर मी माझे शब्द ठेवले. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिरीशवर आठवडाभर जाळ काढत फिरले, पण हे काम मी त्याच्या तीस वर्षं आधीच केलं होतं.

रेणूला सांगितलं. ती म्हणाली, "फोन लावा ना गावाला." एवढं सोपं मला सुचलं नव्हतं. मोबाइलचा स्पीकर लावला. भावानं उचलला, मग थोरल्या वहिनीनं त्याच्या हातून घेतला.

"आराधीण? कुठली, ती ठेंगणी?"

"नाही वहिनी, उंच. आवाजाची."

"मग ती भागू."

मागून चुलतीचा आवाज आला, "भागू न्हवं, भागू मागनं आली! ती गोदा! एका पायातच जोडवं असायचं तिच्या!"

"एका पायात जोडवं भागूच्या!"

"भागूला अंगठ्याजवळचं बोटच न्हवतं, जोडवं कुठं घालंल?"

रेणू तोंडाला पदर लावून हसत होती. दोघींचं पाच मिनिटं जुंपलं. शेवटी चुलतीनं तीच चाल फोनवर गुणगुणली, मधेच वहिनीनं धरली, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गोदाच!" गाव कुठलं, पुढे काय झालं, कुणालाच माहीत नव्हतं. पण नाव मिळालं.

उरलेल्या लिट्ट्या बांधून घेतल्या आणि रेणूला म्हणाले, चल. परतीच्या वाटेवर दोघी करावेला उतरलो. मी वही मागितली. "चाल माझीच" यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि लिहिलं : *चाल गोदा आराधिणीची. आधी खोटं सांगितलं होतं. कारण : चाल घेताना लाज वाटली नव्हती, सांगताना वाटली.*

स्नेहलनं वाचलं आणि खाली तारीख घातली. ताराबायनं रेणूच्या हातची लिट्टी चाखून सांगितलं, याच्यात जवळा पायजे.

"कारण लिहा," रेणू म्हणाली.

सोमवार, घरी

मीटिंगला मी माझी नवीन वही घेऊन गेले. गिरीश आधीच चाचरत उभा राहिला. "काकू, पुस्तिका परत छापता येणार नाही, पण शाईनं प्रत्येक प्रतीवर तुमचं नाव..."

"शाईनंच लिही. माझं लिही, आणि त्याच्यावर लिही : चाल गोदा आराधिणीची."

"ही कोण?"

"सांगते. बस खाली."

मी सगळं सांगितलं. चिखल वगळला नाही, माझं खोटंही वगळलं नाही. मग वहीचे नियम सांगितले आणि म्हणाले, गाणं म्हणा. वाटेल त्यानं म्हणा, वाटेल तसं बदला. पण बदलाल तर इथे नाव आणि कारण लिहायचं. नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात.

मला वाटलं, बायका टाळ्या वाजवतील. कुसुमनं टाळी न वाजवता पेन उचललं.

"मला केव्हापासून सांगायचंय," ती म्हणाली, "त्या लाकडाच्या ओळीचं."

"काय त्या ओळीचं?"

"चुलीला लाकूड नाही, हे आता आपल्यात कुणाचं खरं आहे? माझं म्हणणं असं : 'पोरं गेली परदेशी आई, फोन तेवढा दे गं.'"

मी ताडकन उठले. त्या ओळीसाठी मी उपाशी झोपले होते. तोंडाशी आलेलं सगळं तसंच आत ढकललं आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"कारण लिही."

कुसुमनं लिहिलं. तिचा मुलगा चार वर्षं आला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ते कागदावर वाचायला वही हातोहात फिरली. मी वही घेतली आणि तिच्या ओळीखाली माझा शेरा टाकला : *मला पसंत नाही. शालन.*

"मग काय करायचं?" गिरीशनं विचारलं. "कुठली म्हणायची?"

"दोन्ही म्हणायच्या," कुसुम आणि मी एकाच वेळी बोललो.

घट बसले त्या संध्याकाळी तसंच झालं. गिरीशनं माइकवर आधी गोदाचं नाव घेतलं, मग माझं. चौथ्या ओळीला बायकांचे दोन तट पडले, निम्म्या फोन मागत होत्या, निम्म्या लाकूड. कुसुमच्या बाजूला बायका जास्त होत्या, हे मला दिसत होतं. म्हणून मी माझी ओळ जरा मोठ्यानं म्हटली.